ट्रकचालकांच्या गायकांनाही आपल्या दालनात जागा द्या : नॅशव्हिलच्या निवड समितीस खुले पत्र

प्रति,
सन्माननीय मतदार सदस्य,
कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम निवड समिती,
नॅशव्हिल, टेनेसी

डेव्हनपोर्ट, आयोवा
नोव्हेंबर २०२५

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

आपली नावे जाहीर होत नाहीत. कंट्री म्युझिक असोसिएशनने नेमलेले मतदार गुप्त मतदान करतात आणि कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण लोकगीतांतून वाढलेल्या संगीताच्या, गौरवदालनासाठी दरवर्षी नवे मानकरी ठरतात, एवढेच आम्हा श्रोत्यांना कळते. आपल्यापैकी कोणा एकाला पत्र लिहिण्याची सोय नसल्यामुळे हे पत्र उघडच लिहीत आहे. त्याची इंग्रजी प्रत टपालाने नॅशव्हिलला रवाना केली आहे. पण आधी ते मराठीत लिहिले, कारण ज्या आठवणींच्या बळावर मी आपल्याकडे काही मागते आहे, त्यांतली सर्वांत जुनी आठवण नाशिक जिल्ह्यातली आहे आणि ती मला दुसऱ्या भाषेत आधी सुचणे शक्यच नव्हते.

माझे मागणे असे आहे. आपल्या गोल दालनात मानकऱ्यांच्या दीडशेहून अधिक ब्राँझच्या पाट्या लावलेल्या आहेत. २०२५ च्या मानकऱ्यांपर्यंतची यादी मी एकेक नाव करीत वाचली. तीत डेव्ह डडली नाही, रेड सोव्हाइन नाही, रेड सिम्पसन नाही आणि डिक कर्लेसही नाही. ट्रकचालकाचे आयुष्य ज्यांनी कंट्री संगीतात आणले आणि आपल्या नावाशी कायमचे जोडून घेतले, त्या चौघांपैकी एकालाही पाटी मिळालेली नाही, आणि चौघांपैकी आज कोणीही हयात नाही. जुन्या काळच्या कलावंतांसाठी आपण जी वेगळी जागा राखून ठेवली आहे, तिच्यावर येत्या काही वर्षांत या नावांचा विचार व्हावा आणि सुरुवात डेव्ह डडलीपासून व्हावी, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.

ही विनंती करणारी मी कोण, हेही सांगितले पाहिजे. मी १९७५ च्या ऑक्टोबरात, लग्नानंतर सहा महिन्यांनी, डेव्हनपोर्टला आले. माझे यजमान शेतीची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात अभियंता होते. पुढच्या वसंतात मला एका लहानशा मालवाहतूक कंपनीत रात्रपाळीची हिशेबनिसाची नोकरी मिळाली. कंपनीच्या तीसेक गाड्या ८० क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गावरून पूर्वेला ओहायोपर्यंत आणि पश्चिमेला वायोमिंगपर्यंत जात. भाड्याच्या पावत्या लावायच्या, डिझेलचा हिशेब ठेवायचा, चालकांची लॉगबुके, म्हणजे गाडी चालवल्याच्या तासांच्या नोंदवह्या, तपासायची आणि रात्री कचेरीत दुसरे कोणी नसल्यामुळे खिडकीपाशी ठेवलेल्या सीबी रेडिओवर, म्हणजे चालक ज्यावरून आपसांत बोलत त्या बिनतारी यंत्रावर, उत्तरेही द्यायची, हे माझे काम होते. ते मी १९ वर्षे केले. मी गायिका नाही, संगीताची अभ्यासक नाही आणि गाडीही कधी लहान मोटारीपलीकडे चालवलेली नाही. पण ही गाणी ज्यांच्यासाठी होती त्यांच्या शेजारी बसून मी ती १९ वर्षे ऐकली आहेत.

कचेरीत टेबलावर आणखी एक साधा रेडिओ होता. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा जवळपासच विरून जातात. सूर्य मावळला की वातावरणातला त्या लहरी शोषून घेणारा खालचा थर नाहीसा होतो, आणि वरच्या थरावर आपटून त्या शेकडो मैल दूर उतरतात. ५०,००० वॉटची मोठी केंद्रे रात्री निम्मा देश व्यापीत ती याच कारणाने. आमच्यापासून सातशे मैलांवरच्या फोर्ट वर्थहून डब्ल्यूबीएपी या केंद्रावर बिल मॅक बोलू लागे. त्याचा ट्रकचालकांसाठीचा रात्रभराचा कार्यक्रम १९६९ मध्ये सुरू झालेला होता. काटा थोडा सरकवला की न्यू ऑर्लिन्सच्या डब्ल्यूडब्ल्यूएलवर चार्ली डग्लस भेटे. हवामान, रस्त्यावरचे बर्फ, कुठल्या तरी चालकाच्या घरून आलेला निरोप आणि त्यामध्ये गाणी, असे ते पहाटेपर्यंत चालायचे. वायोमिंगमधून निघालेला आमचा चालक आणि डेव्हनपोर्टच्या कचेरीतली मी एकच गाणे एकाच क्षणी ऐकत असू, आणि दुसऱ्या रात्री तो कागद जमा करायला खिडकीशी आला की पावतीच्या आधी त्या गाण्याचा विषय निघे. माझे सुरुवातीचे इंग्रजी संभाषण बहुतेक याच विषयावर झालेले आहे. परक्या गावात पहिल्या हिवाळ्यानंतर माणसांशी बोलण्याला मला एक विषय मिळाला, तो या गाण्यांनी दिला.

आता डेव्ह डडलीविषयी. तो विस्कॉन्सिनमधल्या स्पेन्सरचा, १९२८ सालचा जन्म. आधी बेसबॉल खेळायचा, हाताला दुखापत झाली म्हणून खेळ सुटला आणि गाण्याकडे वळला. १९६३ मध्ये त्याचे 'सिक्स डेज ऑन द रोड' आले आणि कंट्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. सर्वसाधारण लोकप्रिय गाण्यांच्या यादीतही ते बत्तिसाव्या क्रमांकावर पोहोचले. गाण्यातली ती सुरुवातीची गिटार जिमी कोलव्हार्डची. पण माझ्या दृष्टीने या गाण्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की ते अर्ल ग्रीन आणि कार्ल मॉन्टगोमेरी या दोघांनी लिहिले आणि ते दोघेही अलाबामातले ट्रकचालक होते. बाहेरच्या माणसाने दुरून पाहून केलेले वर्णन त्यात नाही. सहा दिवस रस्त्यावर काढून घराकडे निघालेला माणूस, मागे पडलेले लॉगबुक, नियमापेक्षा जड झालेली गाडी, पुढचा वजनकाटा उघडा असेल की बंद ही धास्ती, आणि झोप घालवण्यासाठी घेतलेल्या गोळ्या, हे सगळे त्यात सरळ सांगून टाकले आहे.

त्या काळचा नियम असा होता की आठ तास विश्रांतीनंतर चालकाने जास्तीत जास्त दहा तास गाडी चालवावी आणि त्याची नोंद लॉगबुकात रेघा मारून करावी. ती लॉगबुके माझ्याकडे येत. नोंदीत माणूस ओमाहात झोपलेला असे आणि डिझेलच्या पावतीवर त्याच रात्री त्याच वेळी तो डी मॉइनच्या पुढे आलेला असे. पहिल्यांदा असे आढळले तेव्हा मी पावती पुढे करून एका वयस्कर चालकाला विचारले. तो नेब्रास्काचा होता, माझ्या वडिलांपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. त्याने काही स्पष्टीकरण दिले नाही; दुसऱ्या दिवशी डडलीची एक टेप आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि हे नीट ऐका, एवढेच म्हणाला. मी ऐकले. भाडे मैलावर मिळते, माल चढवताना-उतरवताना गोदामाच्या दारात गेलेल्या तासांचे काही मिळत नाही, आणि घर मात्र तेवढ्याच अंतरावर राहते, हे मला कंपनीच्या नियमपुस्तकाने सांगितले नव्हते ते त्या गाण्याने सांगितले. खोट्या नोंदी मी पुढेही परत पाठवीत राहिले, तो माझ्या कामाचाच भाग होता. मात्र त्या नोंदी करणाऱ्या माणसाला लबाड समजणे मी त्या दिवसापासून सोडले.

आपण कदाचित म्हणाल की एका गाजलेल्या गाण्यावर पाटी देता येत नाही. डडलीचे काम एका गाण्याचे नाही. टॉम टी. हॉल या गीतकाराची गाणी डडलीने गायली, १९६४ मध्ये 'मॅड' आणि १९७० मध्ये 'द पूल शार्क', जे पहिल्या क्रमांकावर गेले. टॉम टी. हॉलला आपण २००८ मध्ये दालनात घेतले आणि ते योग्यच झाले. त्याची कथा सांगण्याची हातोटी ज्या जाड, शांत आवाजातून लोकांपर्यंत पोहोचली त्या आवाजाचीही मोजदाद व्हावी, एवढेच मला म्हणायचे आहे.

रेड सोव्हाइनविषयी लिहिताना मला थोडे थांबून लिहावे लागेल. त्याच्यावर आक्षेप असा घेतला जातो की तो गातच नाही, नुसता बोलतो आणि श्रोत्याला रडवतो. हा आक्षेप घेणाऱ्यांनी कीर्तन ऐकलेले नसते. आमच्याकडे कीर्तनकार अभंग गाता गाता थांबतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. मागे मृदंग आणि पेटी हलकी चालू असते आणि बुवा साध्या बोलीत गोष्ट सांगत असतात, तेव्हा मंडपात सर्वांत जास्त शांतता असते. सोव्हाइनचे 'गिडिअप गो' मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला त्यात परके असे काहीच वाटले नाही. टॉमी हिलबरोबर त्याने ते लिहिले, आणि १९६६ च्या सुरुवातीला ते सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. ट्रकचालक बापाने पहिली गाडी घेतली तेव्हा त्याच्या चिमुरड्या मुलाने ती पाहून जे शब्द उच्चारले तेच बापाने गाडीचे नाव ठेवले. पुढे तो घरी परतला तर बायको मुलाला घेऊन निघून गेलेली होती. वर्षांमागून वर्षे गेली आणि एके दिवशी रस्त्यावर त्याला दुसऱ्या एका गाडीच्या मागे तेच नाव लिहिलेले दिसले.

मी हे १९७७ च्या फेब्रुवारीत पहाटे तीनच्या सुमारास ऐकले. हातातली पेन्सिल मी खाली ठेवली, हे मला नक्की आठवते. कारण माझे वडील ट्रकचालक होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. वर्षानुवर्षे शेठच्या गाडीवर काढल्यावर १९६२ मध्ये त्यांनी स्वतःची पहिली गाडी घेतली, जुनी टाटा-मर्सिडीज. लासलगावहून कांद्याच्या गोणी भरून कसारा घाट उतरून मुंबईला मशीद बंदरला जायचे आणि परतीच्या भाड्यासाठी तिथेच एक-दोन दिवस गाडीखाली झोपून वाट पाहायची, असा त्यांचा धंदा होता. गाडी रंगवायला दिली तेव्हा पेंटरने फाळक्यावर काय लिहू म्हणून विचारले आणि नानांनी घरी येऊन तो प्रश्न मला विचारला. मी नऊ वर्षांची होते. मी म्हटले, 'लवकर या.' त्यांच्या निघण्याच्या वेळी मी रोज जे म्हणत असे तेच माझ्या तोंडून आले. पेंटरने ते पिवळ्या अक्षरांत लिहिले आणि दोन्ही बाजूंना एकेक कमळ काढले. नाना सांगत की घाटात मागून चढणाऱ्या गाडीचा चालक ती अक्षरे वाचून हात करतो.

मग मी त्याच आठवड्यात नानांना एरोग्राम लिहिला आणि त्या निळ्या कागदाच्या तिन्ही घड्या 'गिडिअप गो'च्या गोष्टीने भरून टाकल्या. महिन्याने उत्तर आले. नानांनी पावसापाण्याचे आणि कांद्याच्या भावाचे लिहून शेवटी विचारले होते की त्या दोघांत आधी कोणी कोणाला ओळखले, बापाने पोराला की पोराने बापाला. मध्ये सात-आठ हजार मैलांचे अंतर आणि न समजणारी भाषा असताना एका ट्रकचालकाने दुसऱ्या ट्रकचालकाविषयी जे विचारायचे ते नेमके विचारले होते. कोणत्याही कलेची पोहोच मोजायला याहून चांगले माप मला ठाऊक नाही.

सोव्हाइनने पुढे १९७६ च्या उन्हाळ्यात 'टेडी बेअर' दिले. अपंग मुलगा, ट्रकच्या अपघातात वारलेला बाप, आणि त्याच्या मागे घरात राहिलेला सीबी रेडिओ, अशी ती गोष्ट आहे, आणि तीही पहिल्या क्रमांकावर गेली. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात रेडिओच्या १९ नंबरच्या वाहिनीवर, जी ट्रकचालक वापरीत, लहान मुले खरोखर बोलू लागली होती आणि आमचे चालक त्यांना धीराने उत्तरे देत होते. मी ते कचेरीत बसून कानांनी ऐकलेले आहे. ४ एप्रिल १९८० रोजी नॅशव्हिलमध्येच, स्वतः गाडी चालवीत असताना, सोव्हाइनला हृदयविकाराचा झटका आला आणि त्यात तो गेला. ते आपले गाव आहे. त्याची पाटी तिथे नसावी हे मला पटत नाही.

माझा मुख्य मुद्दा आता मांडते. आपण १९६१ मध्ये पहिले जे तीन मानकरी निवडले त्यांत जिमी रॉजर्स होते, आणि जग त्यांना रेल्वेतला गाणारा ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा कामगार, म्हणून ओळखते. रुळांवर काम केलेल्या माणसाने रुळांवरचे आयुष्य गायले, हे मोठेपण आपण पहिल्याच दिवशी मान्य केले. आगगाडीची गाणी गाणारे पुढेही दालनात येत राहिले. हँक स्नो १९७९ मध्ये आले, आणि त्यांचे आगगाडीचे 'आय अ‍ॅम मूव्हिन ऑन' १९५० मध्ये २१ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. पण त्यानंतर या देशातला माल रुळांवरून रस्त्यावर उतरला. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणायला घेतले, आणि पूर्वी मालगाडीच्या शिट्टीत जो विरह होता तो डिझेल इंजिनाच्या आवाजात आला. गाणेही त्याच्या मागोमाग गेले. टेड डॅफनने 'ट्रक ड्रायव्हर्स ब्लूज' १९३९ मध्येच लिहिले होते. रस्त्याकडेच्या उपाहारगृहात शिरणारा ट्रकचालक कॉफी मागवण्याच्याही आधी ज्यूकबॉक्समध्ये नाणे टाकतो, हे त्याने पाहिले होते आणि या माणसासाठी गाणे असले पाहिजे हे त्याला कळले होते. म्हणजे ज्या श्रोत्याने गेल्या शतकात कंट्री संगीताला ज्यूकबॉक्सची नाणी दिली, टेप विकत घेतल्या आणि मोठ्या केंद्रांच्या रात्रभराच्या प्रसारणाला कान दिला, त्याचे स्वतःचे गाणे गाणाऱ्यांना मात्र आपण अजून उंबऱ्याबाहेर ठेवले आहे. ब्रेकमनला जो न्याय लावला तोच चालकाला लावावा.

यावर असे उत्तर येऊ शकते की ट्रकची गाणी गाणारे अनेकजण दालनात आहेतच. मर्ल हॅगार्ड आहेत, बक ओवेन्स आहेत, जेरी रीड आहेत, अलाबामा नावाचा गायकवृंद आहे. हे खरे आहे आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्यांना पाटी मिळाली ती इतर कामासाठी, ट्रकचे गाणे त्यांच्या वाटेवरचा एक मुक्काम होता. रेड सिम्पसनची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. कॅपिटॉल कंपनीच्या केन नेल्सनला ट्रकच्या गाण्यांची तबकडी काढायची होती. हॅगार्डला त्यात रस वाटला नाही, म्हणून ते काम बेकर्सफील्डच्या सिम्पसनकडे आले आणि १९६६ मध्ये 'रोल, ट्रक, रोल' निघाले. पाच-सहा वर्षांनी त्याचे 'आय अ‍ॅम अ ट्रक' आले, ज्यात गाडी स्वतः बोलते आणि सगळे श्रेय चालकाला जाते म्हणून तक्रार करते. ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. सिम्पसनने ओवेन्सबरोबर गाणी लिहिली, हॅगार्डबरोबरही लिहिली. ओवेन्स १९९६ मध्ये दालनात आले, हॅगार्ड १९९४ मध्ये, केन नेल्सन २००१ मध्ये. त्याच खोलीत बसून काम करणारा चौथा माणूस २०१६ मध्ये बेकर्सफील्डला वारला, आणि त्याची पाटी नाही.

डिक कर्लेसचे 'अ टूम्बस्टोन एव्हरी माइल' १९६५ चे. ते मेन राज्याच्या उत्तरेकडच्या हेन्सव्हिलच्या जंगलातल्या रस्त्याचे आहे, जिथून अरुस्टुक परगण्यातले बटाटे भरलेल्या गाड्या हिवाळ्यात दक्षिणेला बोस्टनकडे जात. रस्ता अरुंद, वळण जीवघेणे आणि वर बर्फाचा पातळ थर. कर्लेस त्याच परगण्यातला, फोर्ट फेअरफील्डचा, एका डोळ्यावर पट्टी बांधणारा उंच माणूस, आणि खोल आवाज असा की थंडी अंगावर येते. त्या रस्त्यावर गेलेल्यांसाठी एकेक दगड उभारायचा म्हटला तर काय होईल, हे त्या गाण्याचे नावच सांगते. मी कधी मेनला गेले नाही. पण १९७९ च्या जानेवारीत आमचा एक तरुण चालक आयोवा सिटीच्या पश्चिमेला बर्फावर गाडी आडवी होऊन गेला, आणि त्याच्या लॉगबुकाचे शेवटचे पान पोलिसांकडून कचेरीत परत आले तेव्हा त्यावर त्या दिवसाची रेघ सकाळी सव्वासहापर्यंत मारलेली होती. मी ते पान फायलीत लावले. त्यानंतर बराच काळ मला कर्लेसचे ते गाणे ऐकवत नसे. लागले की मी रेडिओ बंद न करता दारात जाऊन उभी राहत असे, कारण बंद करणेही बरोबर वाटत नसे. या देशात रोजगारावर असताना मेलेल्या अशा माणसांची आठवण ठेवणारे दुसरे गाणे मला कोणी दाखवावे.

'कॉन्व्हॉय'चा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण आपल्याकडे ट्रकची गाणी म्हटले की पुष्कळांना तेवढेच आठवते. मी या देशात पाऊल ठेवले त्याच हिवाळ्यात ते सगळीकडे वाजत होते. ते गाणाऱ्याचे सी. डब्ल्यू. मॅकॉल हे नाव मुळात एका पावाच्या जाहिरातीतून आले. ओमाहाच्या जाहिरात संस्थेतल्या बिल फ्रीझने ते पात्र रचले आणि चिप डेव्हिसने संगीत दिले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर लागू झालेली ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आणि महागलेले डिझेल यांवरचा चालकांचा खरा संताप त्या गाण्याच्या मुळाशी आहे, आणि त्यामुळे त्याला इतिहासात जागा आहेच. तरीही माझे मत असे की ते रस्त्याकडे मौजेने पाहणाऱ्यांचे गाणे झाले. आमच्या चालकांनी ते दोन-चार महिने हौसेने म्हटले, मग सोडले, आणि पुन्हा डडलीकडे आणि सोव्हाइनकडे वळले. आपण या परंपरेचे मोल 'कॉन्व्हॉय'च्या त्या एका हंगामावरून ठरवू नये.

एका स्त्रीचेही नाव मला घ्यायचे आहे. के अ‍ॅडम्सचे 'लिटल पिंक मॅक' १९६६ मध्ये आले; मॅक म्हणजे त्या नावाच्या कंपनीचा ट्रक. गाडी चालवणारी स्त्री त्यात स्वतः बोलते, कोणाची बायको किंवा वाट पाहणारी प्रेयसी म्हणून नव्हे तर चालक म्हणून. आमच्या कंपनीत पहिली स्त्री चालक १९७९ च्या शरदात आली. कागद द्यायला खिडकीशी आली तेव्हा तिच्या केबिनमधून हेच गाणे ऐकू येत होते, तेरा वर्षांपूर्वीचे. इतकी वर्षे ते तिने सांभाळून ठेवले होते.

नेब्रास्काचा तो वयस्कर चालक १९८८ मध्ये निवृत्त झाला. त्याच वर्षी कॅथी मॅटियाचे 'एटीन व्हील्स अँड अ डझन रोझेस' पहिल्या क्रमांकावर होते, आणि तीस वर्षे गाडी चालवून शेवटच्या खेपेवरून घरी बायकोकडे निघालेल्या माणसाचे ते गाणे आम्ही त्याच्या शेवटच्या रात्री वॉलकॉटच्या आयोवा ८० या ट्रकथांब्यावर जेवताना मुद्दाम लावायला सांगितले. त्याची बायको त्याआधी दोन वर्षांपूर्वी वारली होती, हे मला नंतर कळले. त्याने तेव्हा चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही आणि ताटातले सगळे संपवले. निघताना त्याने केबिनमधला बुटांचा एक खोका मला दिला. त्यात ४१ एट-ट्रॅक टेप, म्हणजे त्या काळी गाडीत वाजवायच्या जाड कॅसेटी, होत्या, डडलीच्या, सोव्हाइनच्या, सिम्पसनच्या, कर्लेसच्या, आणि प्रत्येकीवर त्याने ती कोणत्या थांब्यावर, कोणत्या तारखेला घेतली हे पेनाने लिहून ठेवले होते. सर्वांत जुनी तारीख १९६७ ची आहे.

तो खोका मी आपल्या संग्रहालयाला द्यायला तयार आहे. ट्रकथांब्यांवर कोणती गाणी कधी आणि कुठे विकली जात होती याचा तो एका माणसाने केलेला एकवीस वर्षांचा लेखी हिशेब आहे, आणि आपल्या अभ्यासकांना तो उपयोगी पडेल. येत्या एप्रिलमध्ये माझा मुलगा मला नॅशव्हिलला घेऊन येणार आहे. त्या वेळी मी तो स्वतः आणून देईन आणि आपण जी पोच द्याल ती घेईन. तोवर डडलीच्या नावाचा विचार झालेला असेल तर मला फार आनंद होईल, आणि झालेला नसेल तर हेच पत्र मी पुढच्या वर्षी पुन्हा पाठवीन.

नाना १९८४ मध्ये गेले. गाडी त्याआधीच विकली होती; विकताना त्यांनी फाळक्याची ती एक फळी काढून ठेवली आणि तिथे नवी बसवून दिली. ती नाशिकला माझ्या भावाच्या घरी जिन्याखाली उभी आहे, आणि तिच्यावरची 'लवकर या' ही अक्षरे अजून वाचता येतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त हिशेबनीस
डेव्हनपोर्ट, आयोवा